बोचरे सरांचा बंब

वानखडे काकांनी पहिला घोट घेतला, तो गिळावा की नाही याचा थोडा वेळ विचार केला, आणि मान वळवून भिंतीच्या कडेला टाकून दिला.

"दिगंबर," ते म्हणाले, "याच्यात चहापत्ती टाक. साखर मी आनतो."

स्टँडवर त्या वेळी पंधरा-वीस माणसं असतील. सगळी हसली. मीही हसलो. माझ्या हातात ओगराळं होतं, डोक्यावर कडुलिंबाची सावली होती, समोर आकाशी रंगाचे पाच देखणे रांजण होते आणि प्रत्येक रांजणावर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कै. उकंडराव बोचरे यांच्या स्मरणार्थ’. वडिलांच्या नावासमोर उभं राहून पाणपोईवाल्याला रडता येत नाही.

"काका, ऊनच तसं आहे," मी म्हणालो. "पारा चव्वेचाळीसवर गेलाय."

"मंग? पारा चढते म्हनूनच तं पानपोई लावतेत ना बाप्पा! हिवायात कोन पाजते पानी?"

वानखडे काका अकोला गाडीचे कंडक्टर. माझे वडील त्याच गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी एका गाडीवर वीस वर्षं काढली. वडिलांना देवळांची फारशी माहिती नव्हती, पुढाऱ्यांची तर नव्हतीच, पण कोणत्या फाट्यावर कोणाच्या पाणपोईचं पाणी कसं आहे हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांची परीक्षा तीन पेल्यांची असे. पहिला पेला तहानेचा. तो कुठेही प्यावाच लागतो. दुसरा चवीचा. आणि तिसरा पाजणाऱ्याचा, म्हणजे पोट भरलेलं असताना त्याच्या तोंडाकडे बघून प्यायचा. असा तिसरा पेला त्यांनी सगळ्या नोकरीत पाच-सहा ठिकाणीच घेतला होता. ती ठिकाणं ते जेवताना आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत, आणि आई म्हणे, "आता वरण प्या."

त्या माणसाच्या नावाचं पाणी त्यांच्याच कंडक्टरनं थुंकून टाकलं होतं. मला ते फार लागलं. आणि मनाला लागलं की माणूस दुसऱ्यावर ढकलतो, या नियमाला मी अपवाद नव्हतो.

"पाण्याचा दोष नाही, काका," मी म्हणालो. "रांजणच खराब निघालेत. कवतिकाबाईची माती यंदा बिघडली आहे."

सत्तर मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं असं बोलायची मला सवय. स्टँडच्या दोन्ही टोकांना ते व्यवस्थित ऐकू गेलं.

कवतिकाबाई ही आमच्या गावची कुंभारीण. नवरा गेल्यापासून चाक तीच फिरवायची. साठीच्या आसपासची, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातातल्या मडक्याकडे बघणारी. वडिलांचं वर्षश्राद्ध माघात झालं आणि त्यांच्या नावानं पाणपोई काढायची असं मी ठरवलं, तेव्हा मी सरळ तिच्याकडेच गेलो होतो. आमच्या घरात तीस वर्षं तिच्याच हातचे माठ होते.

तिनं पाच रांजण काढून दिले. एकेकाला बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकवला.

"एक दिवस पान्यात भिजू द्या, गुरुजी," ती म्हणाली. "मंग बुडाले रेती, आन् अंगाले ओलं पोतं. बस. दुसरं काई लावू नोका याले."

"दुसरं म्हणजे?"

"काईच नोका लावू. हात बी कमी लावा."

मी हसलो. म्हातारी माणसं काहीही सांगतात, असं तेव्हा मला वाटे. आता मी स्वतः त्या वयात आलो आहे आणि मला वाटतं, तरुण माणसं काहीही ऐकत नाहीत.

रांजण घरी आले आणि अंगणात ओळीनं मांडले. विटकरी, ओबडधोबड, एकावर भट्टीचा काळा डाग. मी त्यांच्याकडे बघत बसलो. यावर नाव कसं लिहायचं? खडूनं लिहिलं तर पुसलं जाणार. चुन्यानं लिहिलं तर ओघळणार. आणि माझ्या वडिलांचं नाव ओघळलेलं मला चालणार नव्हतं. म्हणून मी गजू पेंटरला बोलावलं. त्यानं ऑइल पेंटचे दोन हात दिले, वर पांढरी अक्षरं काढली आणि त्यावर वॉर्निश. पोतं बांधायचा प्रश्नच नव्हता. पोतं बांधलं असतं तर नाव झाकलं गेलं असतं.

पाडव्याला उद्घाटन झालं. हेडमास्तर बोलले, मी बोललो, मग पुन्हा मी बोललो. त्यात मी एक वाक्य असंही बोललो की इतर पाणपोयांपाशी पाहा, सगळीकडे गळती, सगळीकडे चिखल. आमच्या रांजणातून एक थेंब बाहेर येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही रांजणांकडे कौतुकानं पाहिलं. खरोखरच एक थेंब बाहेर येत नव्हता.

पहिला आठवडा बरा गेला, कारण ऊन कमी होतं आणि पाणी विहिरीचं ताजं असायचं. मग आमच्याकडचा खरा उन्हाळा सुरू झाला. दुपारी दोनच्या गाडीची माणसं उतरत, माझ्याकडे धावत येत, पेला तोंडाला लावत आणि माझ्याकडे असं बघत की जणू मी त्यांचं काही वाईट केलं आहे. तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी नाव ठेवलं, ‘बोचरे सरांचा बंब’. कंडक्टर लोक घंटी मारण्याआधी ओरडायचे, "चला, आंघोळ करायची असंन तं बंब तयार हाये!" आणखी चार दिवसांनी ते ‘उकंडरावचा बंब’ झालं. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाण्याला मार्क दिले, त्याच्या नावाचं हे झालं, आणि मी केलं.

नाही, तेव्हा ‘मी केलं’ असं मला वाटत नव्हतं. तेव्हा कवतिकाबाईनं केलं होतं. मी ते स्टँडवर सांगितलं, शाळेत सांगितलं, दाढी करायला गेलो तेव्हा न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याला सांगितल्यावर बाकी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

चार दिवसांनी ती स्टँडवर आली. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. माझ्याशी बोलायच्या आधी ती रांजणांशी बोलल्यासारखी एकेकासमोर थांबली. पहिल्या रांजणावरून तिनं तळहात फिरवला आणि हात उलटा करून पाहिला. हात कोरडा होता. तिनं दुसऱ्यावरून फिरवला. तोही कोरडा.

"गुरुजी, हे काय केलं?"

"काय केलं?"

"रंग देला."

"मग? छान दिसतोय."

"माती तीच हाये, गुरुजी. नदीच्या वरच्या अंगाची. माह्या सासऱ्यापासून तीच हाये. ह्या रंगानं..."

एव्हाना भोवती लोक जमले होते. त्यात माझे दोन-तीन जुने विद्यार्थीही होते. समोर लोक असले की मला शिकवायची हुक्की येते.

"कवतिकाबाई, असं बघा," मी ओगराळं हातात धरून म्हणालो. "रंग आहे बाहेरून. पाणी आहे आतून. मध्ये बोटभर जाडीची भिंत आहे. बाहेरच्या रंगाचा आतल्या पाण्याशी संबंध काय? पाणी आतच नीट राहतं, उलट गळती थांबली. पाणी गरम होतं याचा अर्थ माती उष्णता धरते. म्हणजे मातीचाच दोष. यात शास्त्र आहे."

‘शास्त्र’ म्हटल्यावर जमलेल्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, "सर बराबर बोलून रायले." त्याला मी सातवीत दोनदा नापास केलं होतं.

कवतिकाबाईनं आपला कोरडा तळहात पदराला पुसला.

"तुमी शिकेल मानसं," ती म्हणाली. "तुमी म्हनता तं असंन."

आणि ती गेली. जाताना तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही, आणि मलाही द्यायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी ते गरमच होतं.

आता तिचं काय होणार होतं ते सांगतो. आमच्याकडे कुंभाराचं सगळं वर्ष पाडवा ते आखाजी एवढ्या दिवसांवर चालतं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात, पाटावर मांडतात, पितर त्यातलं पाणी पिऊन तृप्त होतात अशी समजूत. प्रत्येक घराला घागर लागतेच. वर्षभरात चूल, पणत्या, बोळकी यांत जे मिळेल ते मिळेल, पण खरी कमाई या घागरींची. आणि बिघडलेल्या मातीची घागर कोण आपल्या बापाला देणार?

शाळेच्या परीक्षा संपल्या. एका दुपारी मी घरी सातवीचे विज्ञानाचे पेपर तपासत बसलो होतो. दारं लावलेली, खिडकीला ओला पडदा, शेजारी तिपाईवर तांब्या-भांडं. तांब्यातलं पाणी माझी बायको कुमुद मधूनमधून माजघरातल्या माठातून भरून आणायची. गार पाणी. माठ अर्थातच कवतिकाबाईचा. मी ते पाणी पीत होतो आणि ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नावर बरोबरच्या खुणा करत होतो.

त्यातलं दुसरं कारण असं होतं: ‘उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी थंड राहते.’ गुण दोन.

याचं उत्तर मी नऊ वर्षं, दर वर्षी, त्याच शब्दांत सांगून लिहून घेत होतो. ‘मातीच्या माठाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते. म्हणून माठातील पाणी थंड राहते.’ मुलांनी हेच लिहिलं होतं, स्वल्पविरामासकट. अठ्ठेचाळीस पेपरांत मी हे वाचलं, अठ्ठेचाळीस वेळा दोन गुण दिले, आणि माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. मडक्याला निदान छिद्रं तरी असतात.

एकोणपन्नासावा पेपर एका मुलीचा होता. तिनं पाठ केलेलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं:

‘माठाला घाम येतो म्हणून पाणी थंड राहते. माणसाचेपण तसेच असते. पण माठाला ऑइल पेंट दिला तर घाम येत नाही व पाणी गरम होते. उदा. एस.टी. स्टँड.’

मी सवयीनं लाल पेनानं शेजारी ‘मुद्दा सोडून’ असं लिहिलं. मग पेन थांबलं. मी ते उत्तर पुन्हा वाचलं. मग आदल्या मुलाचं वाचलं. मग माझ्या हातातलं भांडं पाहिलं. भांडं बाहेरून थंड होतं. पेन हातातून खाली पडलं.

"काय झालं?" कुमुदनं विचारलं.

"काही नाही."

तिनं माझ्या हातातला पेपर घेतला. वाचला. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारच्या वहिनी खिडकीशी येऊन विचारून गेल्या. मग ती एकदम थांबली.

"अहो, मग त्या बाईचं काय?"

"कोणत्या?"

"कोणत्या काय विचारता? कवतिकाबाई. गावभर तिची माती बिघडवून ठेवलीत तुम्ही. जा आणि सांगा."

"सांगतो ना. पेपर तर होऊ देत."

मी तो ‘मुद्दा सोडून’ खोडला आणि त्या मुलीला दोन पैकी दोन दिले. माझ्या मते एका दिवसासाठी तेवढा प्रामाणिकपणा पुरेसा होता.

पेपर झाले, पण मी गेलो नाही. ऊन फार होतं. मग निकालपत्रकं होती. मग माझं डोकं दुखलं. मधे एकदा मी स्टँडवर जाऊन विटेच्या तुकड्यानं एका रांजणाचा रंग खरवडून पाहिला. ‘कै.’ थोडं गेलं, पण रंग मातीत आतपर्यंत मुरला होता. तेव्हा मी रांजणांवर एक पाटी लावली: ‘पेपर तपासणीमुळे पाणपोई काही दिवस बंद राहील.’ पाणी आणि पेपर यांचा काय संबंध, हे कोणी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला आमच्याकडे सहसा विचारत नाहीत.

मधला गुरुवार आला. गुरुवारी आमच्या गावचा बाजार. मी तंबाखूच्या दुकानामागं उभा राहून पाहिलं. कवतिकाबाई घागरींचा ढीग मांडून बसली होती. लोक तिच्यासमोरून पुढे जात होते, चार पालं सोडून बाहेरगावच्या एका कुंभाराकडे. एका बाईनं तिच्याकडची घागर उचलली, पेरानं वाजवली, कानाजवळ नेली. बरोबरची दुसरी काहीतरी पुटपुटली. घागर परत खाली ठेवली गेली. कवतिकाबाईनं ती फक्त थोडी सरळ केली. मला तिथून चार पावलं चालून जायचं होतं. मी मागच्या गल्लीनं घरी आलो.

कारण सांगतो. रंगाची चूक मान्य करायची म्हणजे उकंडरावचा बंब मी पेटवला हे मान्य करायचं. वडिलांचं नाव मोठं करायला निघालो होतो आणि त्याचं हसं केलं होतं, ते कुंभारणीनं नाही, मुलानं. आणि तेही विज्ञानाच्या मास्तरनं. एका बाईचं वर्ष बुडालं तर बुडू दे, पण आपलं शास्त्र बुडू नये, असं काहीतरी माझ्या मनात होतं. इतक्या स्पष्ट शब्दांत नव्हतं, पण होतं. मला त्याची अजून लाज वाटते.

आखाजीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे वार कोणताही असो, बाजार भरतोच. सकाळी कुमुदनं पिशवी माझ्या हातात दिली.

"घागर आणा. मामंजींची पहिली आखाजी आहे, वर्षश्राद्धानंतरची."

"आणतो."

"कवतिकाबाईकडून आणा. दुसऱ्या कोणाची आणलीत तर मी पूजेचं काहीही करणार नाही. तुमचं तुम्ही भरा आणि तुमचं तुम्ही प्या."

मी गेलो. तिचा ढीग गुरुवारी होता तेवढाच होता. ती उन्हात बसून होती, फडक्यानं एकेक घागर पुसत होती, पुसायची काही गरज नसताना.

"एक घागर द्या," मी म्हणालो.

तिनं फडकं थांबवलं. "कोनाले?"

"वडिलांना."

तिनं हातातली घागर मांडीवर ठेवली.

"माह्या बिघडेल मातीची घागर तुमच्या वडलाइले चालन काय, गुरुजी?"

मी पन्नास वर्गांसमोर उभा राहिलेला माणूस. पण आवाज पहिल्या बाकापर्यंतही जाईना.

"चालेल," मी म्हणालो. "माती बिघडलेली नव्हती. चूक माझी होती. तो रंग..."

"काय म्हनलं?"

"चूक माझी होती."

"आयकू नाई आलं."

मी वाकलो. "कवतिकाबाई, चूक माझी..."

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले तं मालूमच हाये." आणि तिनं हात सगळ्या बाजारावरून फिरवला. "तवा कितीक मोठ्यानं बोलले होते! स्टँडाच्या त्या टोकाले आयकू गेलं. आता काहून घसा बसला?"

मी वळलो. समोर सगळा बाजार होता. मिरच्यांचे ढीग, कापडवाले, बैलांच्या माळा, पानवाला, आणि निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. मला वाटलं, काहीतरी साधं बोलावं. ‘बंधू-भगिनींनो’ असं काहीतरी. पण तोंड उघडलं आणि नऊ वर्षांची सवय बाहेर पडली.

"शास्त्रीय कारणे द्या!" मी ओरडलो.

बाजार गप्प झाला. मिरचीवाल्याचा तराजू हातात तसाच राहिला.

"उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी थंड राहते!"

मग मिरचीवाला, जो माझ्या पहिल्या तुकडीतला होता, हात मागे बांधून उभा राहिला. "मातीच्या माठाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात," तो म्हणाला. कापडाच्या पालातून दोघांचा आवाज त्यात मिसळला, "त्या छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते व..." मग पानवाला, मग सायकलवर टेकलेले चौघे. बघता बघता अर्धा बाजार एका सुरात म्हणत होता, "...म्हणून माठातील पाणी थंड राहते!" त्यात एकाचीही चूक नव्हती. मी फार चांगला शिक्षक होतो.

गलका थांबला. आणि मागून कोणीतरी विचारलं, अगदी निरागसपणे:

"मंग सर, तुमी रंग कायले देला?"

एवढा अवघड प्रश्न मला आजवर कोणत्याही वर्गात कोणी विचारला नव्हता.

"वडिलांचं नाव दिसावं म्हणून," मी म्हणालो. आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाईल असाच ठेवला. "पोतं बांधलं नाही, तेही नाव झाकलं जाईल म्हणून. कवतिकाबाईनं मला आधीच सांगितलं होतं, काही लावू नका. मी ऐकलं नाही. छिद्रं सगळी मी बुजवली आणि मातीला नावं ठेवली. तिची माती चांगली आहे. माझ्या घरात तिचाच माठ आहे. त्याचं गार पाणी पीत पीत मी तिची बदनामी केली. आणि हे कळूनसुद्धा नऊ दिवस गप्प बसलो."

मग मिरचीवाल्यानं विचारलं, "सर, दोनपैकी किती मार्क?"

"शून्य."

"अर्धा द्या," मागून कवतिकाबाई म्हणाली. "मोठ्यानं बोलले म्हनून."

मग जो काय हशा झाला तो झाला. त्या हशात बाया तिच्या ढिगाभोवती जमल्या. गुरुवारी घागर खाली ठेवणारी बाईही त्यात होती, तिनं दोन घेतल्या. मी बाजूला उभा होतो आणि लोक माझ्या पाठीवर थापा मारून जात होते. एक म्हातारा म्हणाला, "बंब चालू ठेवा, सर. हिवायात येतो." ते नाव मला निवृत्त होईपर्यंत चिकटलं. मुलं फळ्यावर बंबाचं चित्र काढायची, धूर निघणारं. मी ते पुसायच्या आधी आकृतीला नावं द्यायला लावत असे.

गर्दी ओसरल्यावर कवतिकाबाईनं माझ्यासाठी घागर निवडली. तीन वाजवून पाहिल्या, चौथी दिली.

"त्या पाच रांजणाइचं काय करू?" मी विचारलं.

"तूर भरून ठेवा. कीड लागनार नाई." ती थांबली. "दोन रांजण पाठवते संध्याकाईं. याइले तरी काई लावू नोका."

"नाव कुठं लिहू मग?"

तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"कायले लिवता? पानी चांगलं असलं का मानूस इचारतेच, कोनाची पानपोई म्हनून. तवा सांगा."

आखाजीच्या दुपारी मी पुन्हा कडुलिंबाखाली उभा राहिलो. दोन विटकरी रांजण, बुडाशी रेती, अंगाला ओलं पोतं, खाली चिखल. नाव कुठेच नाही. सकाळी घरी घागर भरली होती. पूजा आटोपेपर्यंत तिच्याखालचा पाट ओला झाला होता आणि कुमुदनं तो पुसला नव्हता.

दोनची अकोला गाडी आली. वानखडे काका उतरले आणि लांबूनच ओरडले, "चहापत्ती आनली काय रे?"

मी पेला भरून दिला. त्यांनी घोट घेतला. थांबले. मग एका दमात पेला रिकामा केला आणि पुढे केला. दुसरा त्यांनी हळू प्यायला, डोळे मिटून. शेजारी उभ्या असलेल्या एका परगावच्या माणसानं माझ्याकडे बघत विचारलं, "कोनाची हो ही पानपोई?"

मी सांगायला तोंड उघडलं. काकांनीच उत्तर दिलं, "उकंडराव ड्रायव्हरची."

गाडीत नवा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काका निघाले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन त्यांनी पेला पुन्हा पुढे केला.

"पोट भरलं ना, काका?"

"माहं भरलं," ते म्हणाले. "हा त्याचा."

तो पेला त्यांनी उभ्यानं, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. उपडा करून झाकणावर ठेवला आणि गाडीत चढून घंटी मारली. गाडी फाटकातून बाहेर गेली तरी मी रांजणाला पाठ टेकून तसाच उभा होतो. सदरा पाठीला ओला लागला तेव्हा लक्षात आलं.